इच्छामरण, डॉक्टर आणि आपला धम्म
(विहाराच्या वर्धापन दिन समारंभात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)





वर्धापन दिनासारख्या मंगल दिवशी मरणाचा विषय कशाला, असे काही मंडळींनी आम्हाला विचारले. प्रश्न रास्त आहे. परंतु विहार हा केवळ वंदना, लग्न आणि जयंती एवढ्यापुरता नाही. घरात जे कुणी बोलत नाही ते चार लोकांत बोलण्याचे ठिकाणही विहारच आहे. कुणाच्या घरी कॅन्सर आहे, कुणाच्या घरी लकवा. दुखणे अंगाबाहेर गेले की खाटेवरचा माणूस म्हणतो, "आता नाही सहन होत रे बाबू, मले सोडव एकदाचं." हे शब्द ज्या घराने ऐकले नाहीत असे घर आपल्या वस्तीत क्वचितच सापडेल. घरचा माणूस मान खाली घालून गप्प बसतो. पण हेच शब्द रोग्याने डॉक्टरला म्हटले तर डॉक्टरने काय करावे? हाच आजचा आपला विषय आहे.

हा प्रश्न आता परक्यांचा राहिलेला नाही. ज्यांच्या आजोबांनी दुसऱ्याच्या वावरात सालदारी केली त्यांची नातवंडे बाबासाहेबांच्या पुण्याईने आज सेवाग्रामच्या आणि सावंगीच्या मेडिकल कॉलेजात शिकत आहेत. कुणी सरकारी दवाखान्यात डॉक्टर आहे, कुणी सिस्टर आहे. जगात काही देशांत असे कायदे झाले आहेत की रोग्याने मागितले तर डॉक्टर त्याला मरणाचे औषध देऊ शकतो. उद्या आपल्याकडे तसा कायदा आला, तर ती चिठ्ठी लिहिण्याची वेळ आपल्याच लेकरांवर येईल. म्हणून आजच विचार करून ठेवलेला बरा.

आधी शब्दांचा घोळ दूर करू. इच्छामरण, दयामरण हे शब्द आपण सरसकट वापरतो. पण त्यात चार वेगवेगळ्या गोष्टी दडलेल्या आहेत. पहिली, उपचाराचा उपयोग उरला नाही म्हणून व्हेंटिलेटर किंवा नळी न लावणे, अथवा लावलेली काढणे. दुसरी, वेदना शमवण्यासाठी मॉर्फिनसारखे औषध योग्य प्रमाणात देणे. तिसरी, रोग्याच्या मागणीवरून डॉक्टरने प्राण घेणारे औषध लिहून देणे आणि रोग्याने ते आपल्या हाताने घेणे. चौथी, डॉक्टरने स्वतःच सुई टोचून प्राण घेणे. आपल्या देशात पहिली गोष्ट काही अटींवर कायदेशीर आहे. दुसरी तर औषधोपचारच आहे, तिला मरण म्हणूच नये. तिसरी आणि चौथी मात्र गुन्हा आहे. आत्महत्येस साहाय्य करणे हा पूर्वी भारतीय दंड संहितेच्या कलम ३०६ खाली गुन्हा होता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तो कलम १०८ खाली आहे. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या आचारनियमांतही डॉक्टरने दयामरण घडवणे हे गैरवर्तन मानले आहे.

आता आपल्याच जिल्ह्यातले उदाहरण घेऊ. नोव्हेंबर १९८२. पवनारला धाम नदीच्या काठी आचार्य विनोबा भावे यांना हृदयविकाराचा झटका आला. वय ८७ वर्षांचे. त्यानंतर त्यांनी अन्न, पाणी आणि औषध घेणे सोडले आणि १५ नोव्हेंबर १९८२ रोजी देह ठेवला. विनोबांच्या विचारांशी आपले मतभेद आहेत आणि ते आपण लपवून ठेवलेले नाहीत. पण आजच्या विषयापुरते त्या घटनेकडे पाहावे. औषध घ्या अशी विनवणी त्यांना झाली. त्यांनी घेतले नाही. त्यांच्यावर सक्ती झाली नाही, आणि त्यांना लवकर मरण यावे म्हणून कुणा डॉक्टरने काही दिलेही नाही. रोग्याचा 'नको' डॉक्टरने ऐकणे ही एक गोष्ट, आणि रोग्याला मरण 'देणे' ही दुसरी गोष्ट. हा फरक समजायला पवनारहून दूर जायला नको.

दुसरे उदाहरण मुंबईचे. केईएम हॉस्पिटलमधील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी त्याच हॉस्पिटलच्या एका सफाई कामगाराने पाशवी हल्ला केला. मेंदूला इजा झाली आणि त्या पुन्हा शुद्धीवर अशा आल्याच नाहीत. जवळपास ४२ वर्षे त्या त्याच हॉस्पिटलात खाटेवर होत्या. त्यांचे जगणे थांबवावे, त्यांना भरवणे बंद करण्याची परवानगी द्यावी, अशी याचिका लेखिका पिंकी विराणी यांनी सर्वोच्च न्यायालयात केली. त्यामागे कळवळाच होता, हे आपण मान्य केले पाहिजे. पण केईएमच्या परिचारिका आणि डॉक्टरांनी लेखी कळवले की, आम्ही यांना सांभाळतो आहोत आणि पुढेही सांभाळू. पिढ्या बदलल्या, जुन्या सिस्टर निवृत्त झाल्या, नव्या आल्या. पण आंघोळ घालणे, भरवणे, कूस बदलणे थांबले नाही. ७ मार्च २०११ रोजी न्यायालयाने ती याचिका फेटाळली. मात्र त्याच निकालात, विशेष परिस्थितीत हायकोर्टाच्या परवानगीने उपचार थांबवता येतील, हेही मान्य केले. १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने अरुणाताईंचे निधन झाले.

या निकालातली एक बाब आपल्या विषयाच्या अगदी मुळाशी आहे. ज्या हातांना ते काम करावे लागणार होते, त्या हातांचे मत न्यायालयाने विचारात घेतले. एरवी मरणाच्या चर्चेत रोगी असतो, नातेवाईक असतात, वकील असतात. ज्याला नळी काढायची आहे त्याला काय वाटते, हे कोण विचारतो?

पुढे ९ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने सन्मानाने मरण येण्याचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग ठरवला आणि आपण शुद्धीवर असतानाच आपल्या अखेरच्या उपचारांविषयी पत्र लिहून ठेवण्याची सोय केली. सुरुवातीच्या अटी फार किचकट होत्या. जानेवारी २०२३ मध्ये त्या सोप्या केल्या. आता हे पत्र दोन साक्षीदारांसमक्ष लिहून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यापुढे साक्षांकित करता येते. उपचार थांबवण्याआधी डॉक्टरांच्या दोन मंडळांचे मत घ्यावे लागते. महाराष्ट्रात डॉ. निखिल दातार यांनी उच्च न्यायालयात जनहित याचिका केली, त्यानंतर शासनाने अशी पत्रे जतन करण्यासाठी स्थानिक स्वराज्य संस्थांत अधिकारी नेमले. हे सर्व पहिल्या प्रकारचे, म्हणजे निरुपयोगी उपचार थांबवण्याचे आहे. मरणाचे औषध देण्याची परवानगी यात कुठेही नाही.

बाहेरच्या देशांत काय आहे? अमेरिकेच्या ओरेगॉन राज्यात १९९७ पासून डॉक्टर असे औषध लिहून देऊ शकतो. नेदरलँड आणि बेल्जियममध्ये २००२ पासून, कॅनडात २०१६ पासून, न्यूझीलंड आणि स्पेनमध्ये २०२१ पासून कायदे आहेत. तेथेही डॉक्टरला सक्ती नाही. ज्याच्या मनाला पटते त्यानेच करावे, असे कायदा म्हणतो. पण प्रश्न तेवढ्याने मिटलेला नाही. कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात नियम असा की, ज्या डॉक्टरला हे करायचे नसेल त्याने रोग्याला करणाऱ्याकडे पाठवावे. काही डॉक्टर कोर्टात गेले. त्यांचे म्हणणे असे की, मी मारणार नाही, पण मारणाऱ्याचा पत्ता देईन, हे कसे जमावे? २०१९ मध्ये तिथल्या अपील कोर्टाने निकाल डॉक्टरांच्या विरोधात दिला. कोर्टाचे म्हणणे असे की, डॉक्टरच्या मनासाठी आजारी माणसाने दारोदार फिरावे काय? दोन्ही बाजूंत तथ्य आहे, हे उघड आहे.

अडीच हजार वर्षांपूर्वी भिक्खुसंघापुढे हाच प्रश्न आला होता, हे ऐकून पुष्कळांना नवल वाटेल.

विनयपिटकात एक प्रसंग आहे. एका माणसाचे हातपाय तोडले गेले होते. तो नातेवाइकांच्या घरी, त्यांच्या गराड्यात पडून होता. एका भिक्खूने त्या नातेवाइकांना विचारले, याचे मरण तुम्हाला हवे आहे काय? ते म्हणाले, हवे आहे. तेव्हा भिक्खूने सांगितले की याला ताक पाजा. त्यांनी ताक पाजले आणि तो माणूस मेला. भगवंतांनी त्या भिक्खूला पाराजिक, म्हणजे संघातून कायमचा बाद ठरवले. बघा, त्याने स्वतः ताक पाजले नव्हते. फक्त सांगितले होते. आजच्या भाषेत बोलायचे तर चिठ्ठी लिहिली होती. आणि त्या प्रसंगात आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. विचारले कुणाला? नातेवाइकांना. ज्याचा जीव जाणार होता त्याला कुणी विचारलेच नाही.

दुसरा प्रसंग. एक भिक्खू आजारी होता. त्याचे हाल पाहून इतर भिक्खूंना दया आली आणि त्यांनी त्याच्यापुढे मरणाची स्तुती केली. तो मेला. हेतू करुणेचा होता, तरीही भगवंतांनी ते पाराजिकच मानले. म्हणजे 'तुझ्यासाठी आता मरणच बरे' असे आजारी माणसाला सुचवणे, हेसुद्धा आपल्या परंपरेत साधे मानलेले नाही. आपल्या घरांत खाटेजवळ उभे राहून आपण काय काय बोलतो, ते ज्याने त्याने आठवावे.

पण धम्म एकांगी नाही. पाळी अट्ठकथेत असेही सांगितले आहे की, आजार लांबला आहे, सेवा करणारे थकून गेले आहेत, आणि औषधपाणी करूनही देह टिकत नाही असे आजाऱ्याला दिसत असेल, तर त्याने आहार-औषध थांबवले तरी तो दोष नाही. पवनारची घटना आणि २०१८ चा निकाल याच्याशी हे किती जुळते! निरर्थक उपचार नाकारणे धम्माला मान्य आहे. दुसऱ्याच्या हाताने मरण घडवणे मात्र मान्य नाही.

तिसरा प्रसंग सर्वांत महत्त्वाचा. भिक्खू छन्न राजगृहात अतिशय आजारी होते. वेदना इतकी की त्यांनी शस्त्राने जीवन संपवण्याचे बोलून दाखवले. सारिपुत्त त्यांना भेटायला गेले होते. त्यांनी छन्नांना पापाची भीती घातली नाही, की उपदेशाचा डोसही पाजला नाही. त्यांनी विचारले ते असे: योग्य आहार मिळत नाही काय? मी आणतो. औषध मिळत नाही काय? मी आणतो. सेवेला माणूस नाही काय? मी स्वतः सेवा करतो. छन्नांनी सांगितले की या तिन्ही गोष्टी मला मिळतात. पुढे त्यांनी शस्त्र चालवले, आणि भगवंतांनी त्यांची निंदा केली नाही. त्याचा अर्थ काय लावायचा यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. पण सारिपुत्तांचे तीन प्रश्न अगदी स्पष्ट आहेत. आहार, औषध आणि सेवेचा माणूस. मरण मागणाऱ्याला धम्माने दिलेले हे पहिले उत्तर आहे.

बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात अहिंसेचा विचार करताना तत्त्व आणि नियम यांत फरक केला आहे. नियम माणसाला बांधून टाकतो. तत्त्व त्याला विचार करण्याची मोकळीक देते. तसेच मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांतही त्यांनी भेद केला. म्हणून आम्ही आज असा फतवा काढणार नाही की मरण मागणारा पापी आहे. वेदनेने कळवळणाऱ्या माणसाला पापी म्हणणे ही क्रूरताच होय. परंतु तत्त्व आपल्याला विचार करायला लावते, तर मग हाही विचार केला पाहिजे की 'गरज' खरोखर कुठे आहे? मारण्याची गरज आहे, की आहार, औषध आणि माणसाची?

इथे आपला वर्धा जिल्हा आठवा. २००६ मध्ये पंतप्रधानांचे पॅकेज विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांसाठी आले त्यात वर्धा होता, आणि ते कशासाठी आले ते सांगायला नको. कर्जाने खचलेल्या शेतकऱ्याने विषाची बाटली तोंडाला लावली, तर ती त्याची स्वेच्छा होती असे आपण म्हणतो काय? नाही म्हणत. मग ज्याच्या इलाजासाठी दोन एकर वावर गहाण पडले, ज्याला नेण्या-आणण्यात पोराची मजुरी बुडते, तो म्हातारा जर म्हणाला की मले आता औषध देऊन मोकळं करा, तर ती तरी निखळ स्वेच्छा कशी मानायची? त्याच्या तोंडून दुखणे बोलते आहे की गरिबी, हे कोण ठरवणार? महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून ऑपरेशनचा खर्च निघतो, ही चांगलीच गोष्ट आहे. पण खाटेवर महिनोन्‌महिने पडलेल्या माणसाची कूस बदलायला त्या योजनेतून माणूस येत नाही. आणि आपण अशा समाजातून आलो आहोत की, ज्याच्या जिवाला पिढ्यान्‌पिढ्या कमी लेखले गेले. कुणाचे जगणे जगण्यालायक नाही हे दुसऱ्याने ठरवायचे, या गोष्टीची आपल्याला इतरांपेक्षा जास्त भीती वाटली पाहिजे.

तेव्हा आमचे म्हणणे थोडक्यात असे. स्वेच्छा दोन्ही बाजूंनी खरी असली पाहिजे. रोग्याची स्वेच्छा तेव्हाच खरी, जेव्हा सारिपुत्तांच्या तिन्ही प्रश्नांना त्याच्याकडे 'मिळते' असे उत्तर असेल. आणि डॉक्टरची स्वेच्छा तेव्हाच खरी, जेव्हा 'मी हे करणार नाही' म्हटल्याने त्याची नोकरी, बढती, बदली कशालाही धक्का लागणार नाही. सक्ती नाही असे कायद्यात लिहिलेले असते. पण लहान दवाखान्यात एकुलता एक डॉक्टर, वरून साहेबांचा फोन, बाहेर नातेवाइकांची गर्दी. तिथे 'ऐच्छिक' या शब्दाला काय किंमत उरते?

आमच्या डॉक्टर मुला-मुलींना आम्ही एवढेच सांगू. उद्या कायदा काहीही होवो, मरणाच्या औषधाला 'नाही' म्हणण्याचा तुमचा हक्क आहे आणि धम्म तुमच्या पाठीशी आहे. पण 'नाही' म्हणून पाठ फिरवण्याचा हक्क तुम्हाला नाही. रोग्याची कागदपत्रे अडवू नका, त्याला खरी माहिती द्या, दुसऱ्या डॉक्टरचे मत घ्यायचे असेल तर घेऊ द्या. त्याची वेदना कमी करा. मॉर्फिनविषयीचा कायदा २०१४ मध्ये सुधारला, ते मिळणे सोपे व्हावे म्हणूनच. तरी आपल्याकडे कॅन्सरचा रोगी विव्हळत पडलेला असतो, आणि घरच्यांना असे औषध असते हेच माहीत नसते. त्यांनी नागपूरच्या राष्ट्रसंत तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटलात किंवा आपल्या जिल्ह्यातल्या मोठ्या दवाखान्यात बेधडक विचारावे की, बरे करण्याचे राहू द्या, दुखणे कमी करण्याचे काय आहे? केरळने २००८ मध्ये यासाठी राज्याचे धोरण ठरवले आणि गावागावांत शेजारपाजारचे लोक या सेवेला लागले. तिथे होते ते इथे का होऊ नये?

आणि आता आपली, वस्तीची गोष्ट. सगळे ओझे डॉक्टरच्या डोक्यावर टाकून आपण मोकळे होऊ शकत नाही. एक भिक्खू अतिसाराने आपल्याच मलमूत्रात पडला होता, तेव्हा भगवंतांनी आनंदाला बरोबर घेऊन त्याला स्वतः धुतले, उचलून खाटेवर ठेवले, आणि संघाला सांगितले की ज्याला माझी सेवा करायची असेल त्याने आजाऱ्याची सेवा करावी. चांगल्या सेवकाचे पाच गुणही सांगितले. औषध तयार करता यावे. पथ्य काय, कुपथ्य काय ते कळावे. सेवा लोभाने नव्हे तर मैत्रीने करावी. मलमूत्र, उलटी काढताना किळस करू नये. आणि वेळोवेळी धम्माच्या दोन गोष्टी सांगून आजाऱ्याचे मन प्रसन्न ठेवावे. याला मोठी डिग्री लागत नाही.

आमची समितीला विनंती आहे की विहारात रुग्णसेवेची पाळी सुरू करावी. घरात आजारी माणूस असेल तिथे आठवड्यातून दोन दिवस दोन-दोन तास कुणीतरी जावे. तेवढ्या वेळात घरची बाई बाजार करून येईल, किंवा नुसती निजेल. सेवाग्रामच्या दवाखान्याने आसपासच्या गावांत ज्वारीच्या वर्गणीवर आरोग्य विमा चालवून दाखवला. म्हणजे आपल्या जिल्ह्याला हे अशक्य नाही. जयंतीच्या वर्गणीतला थोडा भाग गादी, बेडपॅन, औषध यासाठी वेगळा ठेवावा. तसेच अखेरच्या उपचारांच्या पत्राचा नमुना विहाराच्या वाचनालयात ठेवावा. ज्यांना समजून घ्यायचे आहे त्यांनी आपल्यातल्या वकील मंडळींकडून समजून घ्यावे. पत्र लिहावेच अशी सक्ती कुणावर नको. आणि म्हाताऱ्या आईबापाकडून ते घाईने लिहून घेण्याचा उद्योग तर कुणीच करू नये.

शेवटी नकुलपित्याची गोष्ट सांगतो आणि आवरते घेतो. नकुलपिता गंभीर आजारी पडला. नकुलमातेने ओळखले की याचा जीव घरादारात अडकला आहे. ती त्याला म्हणाली की काळजी करू नका. मला कापूस कातता येतो, लोकर पिंजता येते, मी लेकरे सांभाळीन, घर चालवीन, आणि धम्म सोडणार नाही. तिच्या बोलण्याने त्याच्या मनावरचे ओझे उतरले. सुत्तात सांगितले आहे की तो त्या आजारातून उठला आणि काठी टेकत भगवंतांच्या भेटीला गेला. प्रत्येक आजारी उठेल असे नाही. पण आपल्या या कापसाच्या मुलखात प्रत्येक आजारी माणसाला नकुलमातेचे बोलणे ऐकायला मिळाले पाहिजे, की तू आमच्यावर ओझे नाहीस. ते ऐकल्यानंतरही ज्याला उपचार नको असतील, त्याचा 'नको' आपण आदराने ऐकू.

रुग्णसेवेच्या पाळीसाठी ज्या तरुण-तरुणींना नाव द्यायचे असेल त्यांनी आज भोजनदानापूर्वी समितीच्या टेबलावर द्यावे. 

नमो बुद्धाय! जयभीम!